गोधडीचे मोल आणि गोधडीची किंमत
(महिला शाखेच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी थोर विषयांवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. मला मात्र शिवणवर्गातील भगिनींनी एक साधा प्रश्न घालून दिला आहे. कोणी हाताने शिवलेली गोधडी मागितली, तर पैसे किती सांगावेत? प्रश्न लहान दिसतो. पण ज्या घरी सुईच्या जोरावर महिन्याचे वाणसामान यायचे असते, त्या घरी तो लहान नाही.

आपल्या घरांत गोधडी बहुधा विकण्यासाठी शिवली जात नसे. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, विटलेली चादर असे थरावर थर घालून दुपारच्या वेळी बायका टाके घालीत. लेकीच्या बाळंतपणाला दुपटे जाई, थंडीला वाकळ निघे. गाडगे महाराजांनाही लोक प्रेमाने गोधडेबुवा म्हणत. जी वस्तू मायेने मिळते तिला दाम कसला, अशी आपली समजूत होऊन बसली. मोल नाही म्हणता म्हणता किंमतही नाही, असे झाले. घोटाळा तेथेच आहे.

म्हणून आपण भावना क्षणभर बाजूला ठेवू आणि पाटी-पेन्सिल घेऊ. गोधडी पाच फूट रुंद व सात फूट लांब, म्हणजे 60 इंच बाय 84 इंच. टाक्यांच्या ओळी अर्ध्या इंचावर. मग 120 ओळी झाल्या, प्रत्येक सात फुटांची. एकूण 840 फूट धावदोरा! कोणी ओळीने शिवते, कोणी कडेने फिरत फिरत मध्याकडे येते. पण अंतर तेच असेल तर दोऱ्याची वाट जवळजवळ तेवढीच भरते. इंचाला तीन टाके धरले, तर तीस हजारांवर टाके होतात.

जाड थरांतून सात फुटांची एक ओळ घालायला अर्धा तास धरू. 120 ओळींना 60 तास. कपडे धुणे, उसवणे, थर लावून कच्चे टाके घालणे आणि काठ मुडपणे यांना आणखी आठ. झाले 68 तास. उदाहरणादाखल तासाला 60 रुपये धरले, तर मजुरीच 4,080 रुपये. अस्तर व दोरा 500. सुया, दिवाबत्ती, जाणे-येणे आणि क्वचित फुकट जाणारी मेहनत यांसाठी दहावा हिस्सा, 458. एकूण 5,038 रुपये. आपले दर वेगळे असतील; आकडे बदला, पण पायऱ्या सोडू नका.

आता गिऱ्हाईक म्हणेल, “बाई, बाजारात रजई सातशेला मिळते!” खरे आहे. ती यंत्राने शिवलेली असते. तिच्याशी भांडू नये आणि आपला दरही पाडू नये. कमी पैशांत हवी असेल तर काम कमी करावे. ओळी एक इंचावर घाला. 60 ओळी, 30 तास, वरचे आठ, मिळून 38. त्याच दराने 2,280 मजुरी, 500 सामान, 278 वरखर्च. 3,058 रुपये झाले. गोधडी स्वस्त झाली, बाईचा तास मात्र स्वस्त झाला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे गिऱ्हाइकालाही लागू आहे.

मापाकडेही लक्ष असावे. लांबी-रुंदी दीडपट केली तर काम दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. “जराशी मोठी करा” या एका शब्दात अनेक दुपारी बुडतात.

गिऱ्हाईक आईच्या जुन्या साड्या घेऊन आले, तर कापडाचे पैसे लावू नयेत. पण साडी उजेडापुढे धरून पाहावी. विरलेली असेल तर तसे आधीच सांगावे आणि खाली नवे कापड घालण्याचा खर्च धरावा. माप, ओळींचे अंतर, कापड, तारीख आणि विसार हे सारे वहीत दोघींच्या देखत लिहावे. अशी गोधडी दुसरे कोणी घेणार नाही, म्हणून निम्मा विसार घेण्यात संकोच नको.

नातलगांचे काय? आपण गुजरातेत राहतो, येथील म्हण मला फार आवडते: “हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी.” हिशेब कवडीचा, बक्षीस लाखाचे. नणंदेच्या नातवाला दुपटे द्यायचे तर पूर्ण भेट द्या, एक पैसा घेऊ नका. विकायचे तर पूर्ण दामाने विका. निम्म्या दामात तिला उपकार दिसत नाही आणि तुम्हाला मजुरी मिळत नाही.

एकटीने दर टिकवणे कठीण आहे, हे मी जाणते. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवणाऱ्या स्त्रिया व्यापाऱ्यांकडून नगावर पैसे घेत. 1972 साली इलाबेन भट्ट यांनी स्थापन केलेल्या ‘सेवा’ संस्थेत त्या एकत्र आल्या, दर वाढवून मागू लागल्या आणि पुढे त्यांनी आपली सहकारी संस्थाही काढली. आपल्या वडोदऱ्यात तर महाराणी चिमणाबाईंनी 1914 सालीच स्त्री उद्योगालय सुरू केले होते. स्त्रीच्या हातच्या कामाला दाम असावा, हा विचार येथे नवा नाही.

कोयलीत 1965 साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेथे कामाचे तास मोजले जातात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग ओसरीवरच्या कामाचे तास मोजायला आपण का लाजावे?

म्हणून विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. शिवणवर्गाने तासाचा एक दर ठरवून फलकावर लावावा, आणि ट्रस्टनेही भेटीसाठी गोधड्या घेताना त्याच दराने घ्याव्यात. धर्मादाय कामासाठी म्हणून एखाद्या गरजू भगिनीची मजुरी कापली गेली, तर तो दानधर्म तिच्या खिशातून झाला असे होईल.