जुनी साखर आणि डोळ्याची काच

साखरेच्या आजारात पायाची जखम कशी चिघळते, हे आपल्याला ठाऊक आहे. काटा रुतलेला कळत नाही, कळतो तेव्हा पाय सुजलेला असतो. डोळ्यातही असंच घडतं, आणि त्याबद्दल आपल्या गटांत फारसं बोललं जात नाही, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात, आपण बुबुळ म्हणतो. त्यात इतक्या बारीक नसा असतात, की धुळीचा कण गेला तरी घळाघळा पाणी येतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की या नसा बोथट होतात आणि डोळा कोरडा पडतो. मग उसाचं पातं लागलं, मळणीत कुसळ उडालं, तरी हवं तेवढं खुपत नाही. साधा ओरखडाही लवकर भरत नाही. त्यात पाल्यावरची बुरशी शिरली तर बुबुळावर फूल पडतं.

तेव्हा पदराच्या टोकाने किंवा जिभेने कुसळ काढणं, मध नाहीतर एरंडेल घालणं आता पुरे. डोळा स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, दुखत नसला तरी त्याच दिवशी दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशी फोफावते, वर डोळ्याचा दाबही वाढू शकतो.

हा दाब म्हणजे रक्तदाब नव्हे. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बारीकशा मोरीतून निघून जातं. मोरी तुंबली की दाब चढतो. साधारण १० ते २१ ठीक मानतात. साखरवाल्यांना काचबिंदूचा धोका जास्त असतो. आतला पडदा फार बिघडला तर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या मोरीच्या तोंडाशीच वाढतात आणि डोळा लाल होऊन ठणकतो. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. पण नेहमीचा काचबिंदू अजिबात दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, शेजारून गेलेलं माणूस दिसत नाही, आणि आपण म्हणतो, वय झालं! मोतीबिंदूत ऑपरेशननंतर दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते.

आणखी एक. जुन्या साखरेत बुबुळ थोडं जाड झालेलं असू शकतं, त्यामुळे मशीनवर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. आकडा वाढलेला आला तर घाबरून न जाता बुबुळाची जाडी मोजायला सांगा.

वर्षातून एकदा दाब, बुबुळ आणि आतला पडदा, तिन्ही तपासून घ्या. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि घरात असतील त्या थेंबांच्या बाटल्या बरोबर न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. म्हणून सोबत कुणीतरी असू द्या, आणि त्या दिवशी खुरपणीचं ठरवू नका.