नऊ तासांचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले आता परदेशी आहेत, तेव्हा माझी हिशेबात झालेली चूक सांगावी असे सेक्रेटरीबाईंनी सुचविले, म्हणून उभी राहिले.

माझी लेक लंडनला असते. मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचे पहिले विमान तिकडे गेले, ते कैरो व जिनिव्हाला थांबत गेले. आता मध्ये न थांबताही विमाने जातात. लेक म्हणे, "आई, नऊ तासांत मुंबईला उतरते." सासूबाई मला विचारीत, "किती लांब गं?" मी सांगे, नऊ तास. वर्ध्याहून मुंबईला आगगाडीनेच अकरा-बारा तास लागतात. म्हणजे लंडन मुंबईहून जवळ, असे म्हणून त्या हसत.

मे महिन्यात एका पहाटे सहाला त्या गेल्या. नातीला त्यांनीच लहानाची मोठी केली होती. मी सर्वांना म्हटले, थांबा, दुपारी तीनपर्यंत पोर येते. सहा आणि नऊ, पंधरा! मंडळी थांबली. वर्ध्याचा मे महिना तुम्हांला सांगायला नको. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या पाणी होत होत्या. चुलत सासरे दोनदा दाराशी येऊन गेले, बोलले काहीच नाहीत.

एक वाजता जावईबापूंचा फोन आला. आपले सहा वाजले तेव्हा तिकडे रात्रीचा दीड होता. उन्हाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. तिकीट मिळाले ते त्यांच्या रात्री साडेनऊचे, म्हणजे आपल्या पहाटे दोनचे. मुंबईत उतरणार दुसऱ्या दिवशी अकराला. नंतर पासपोर्टची रांग, सामान. नागपूरचे विमान संध्याकाळचे, दीड तासाचे. तेथून मोटारीने पाऊणशे किलोमीटर. घरी रात्रीचे दहा. मी बोटांवर मोजले, चाळीस तास. नऊ तास खोटे नव्हते, पण ते नुसते हवेतले होते.

"थांबा" मी म्हटले होते, तेव्हा "आता उचला" हेही मलाच म्हणावे लागले.

लेक सव्वादहाला आली. आजीच्या रिकाम्या खाटेवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी राख सावडली. पवनारला धाम नदीवर अस्थी नेल्या तेव्हा मडके तिच्याच हाती दिले. कोणी हरकत घेतली नाही.

परत पोचल्यावर तिचा फोन आला की जाताना दहा तास लागले. फार उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, येताना तो विमानाला ढकलतो आणि जाताना अडवतो म्हणे. जावईबापूंनी दारापासून दारापर्यंतचा हिशेब कागदावर लिहून दिला आहे, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा वेगळा, कारण हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो. तो मी कॅलेंडरमागे लावला आहे. ज्यांना उतरवून घ्यायचा असेल त्यांनी दुपारी दोननंतर घरी यावे.