संकेतस्थळाचे बिऱ्हाड



आपल्या मंडळाच्या वेबसाइटची जागा यंदा बदलली. ती का व कशी, हे सर्वांना कळावे म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितले आहे.

वेबसाइटच्या दोन बाजू असतात. एक तिचे नाव, म्हणजे डोमेन. दुसरी तिची जागा, म्हणजे होस्टिंग. आपली पाने, छायाचित्रे, कुरडया-सरगुंड्यांच्या मागणीची नोंद, हे सारे एखाद्या कंपनीच्या संगणकावर किरायाने ठेवलेले असते. नावाची नोंदणी वेगळी असते. त्यामुळे जागा बदलली तरी गिऱ्हाइकाला नवा पत्ता द्यावा लागत नाही. मात्र ते नाव मंडळाच्याच नावे नोंदलेले हवे. साइट करून देणाऱ्याच्या नावे असले, तर घर आपले आणि रजिस्ट्री दुसऱ्याची! आपले नाव मंडळाकडेच आहे, याची मी आधी खात्री करून घेतली.

जुन्या कंपनीने पहिल्या वर्षी स्वस्त दिले आणि नूतनीकरणाला भाव चढवला. तेही चालवून घेतले असते. पण ऐन वाळवणाच्या दिवसांत साइट दोनदा बंद पडली, आणि त्या पैशावर किती घरांची शाळेची फी भागते, हे तुम्ही जाणताच.

हे बिऱ्हाड हलवणे काही जगावेगळे नाही. जानेवारी २०१३ मध्ये विकिपीडियाचा मुख्य कारभार अमेरिकेतल्या टॅम्पाहून ॲशबर्नला नेला. २००३ साली सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियाही त्यातच आला. नव्या जागी सामान आधी लावून ठेवले होते, आणि मधूनमधून लेखन बंद राहील असे जाहीर केले होते. पत्ता बदलला नाही.

आपणही तोच क्रम धरला. आधी सर्व फायली आणि डेटाबेस यांची नक्कल नव्या जागी नेली, आणि नाव तिकडे वळवण्यापूर्वी ती खासगी रीतीने उघडून पाहिली. छायाचित्रे जशीच्या तशी आली होती. पण मजकुराच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे! नक्कल उतरवताना अक्षरांची पद्धत इंग्रजीपुरती धरली गेली होती. देवनागरी तिच्यात मावत नाही, म्हणून अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. आणि अशा नकलेतून अक्षरे परत निघत नाहीत. जुनी जागा सोडली नव्हती, म्हणून युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने पुन्हा नक्कल काढता आली. ती सोडली असती तर इतक्या वर्षांचे अहवाल गेले असते. त्यानंतर आम्ही चौघी जणींनी पान न् पान वाचून काढले.

मग नाव वळवले. ते एकाच वेळी सगळीकडे कळत नाही. इंटरनेट कंपन्या जुना पत्ता काही वेळ लक्षात ठेवतात. कोणाला तासाभरात नवी जागा दिसते, कोणाला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत मागणीचा अर्ज बंद ठेवला, नाहीतर काही मागण्या जुन्या जागी पडून राहिल्या असत्या. मंडळाचे ई-मेलही तिथेच होते, तीही टपाले उतरवून घेतली.

जुन्या जागेचा किराया महिनाअखेरपर्यंत भरलेला आहे. तोवर ज्या भगिनींना एखादे पान किंवा जुन्या हळदीकुंकवाचे छायाचित्र दिसणार नाही, त्यांनी कार्यालयात येऊन सांगावे.