राज्यसभा: राज्यांचं सभागृह



लोकसभा विसर्जित होते.
राज्यसभा कधीच होत नाही.
दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात,
सभागृह मात्र चालूच राहतं.

महाराष्ट्राचे तिथे 19 खासदार, गोव्याचा एक.
त्यांना निवडतात आपले आमदार.

धन विधेयक राज्यसभा अडवू शकत नाही.
14 दिवसांत ते परत पाठवावं लागतं.

पण घटनादुरुस्ती?
तिथे राज्यसभेचा होकार हवाच.
दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेऊनही तो टाळता येत नाही.
मला हाच अधिकार सर्वांत मोलाचा वाटतो.

आणखी एक.
राज्यसूचीतल्या विषयावर संसदेनं राष्ट्रहितासाठी कायदा करावा,
असा ठराव फक्त राज्यसभाच करू शकते.
तोही दोन तृतीयांश बहुमतानं.
लोकसभेला हा अधिकार नाही.