पडद्यावरील घर

रंगभूमीवर नट येण्यापूर्वींच प्रेक्षकांशीं बोलूं लागतो तो रंगविलेला पडदा. राजवाडा वा अरण्य दिसतांच पुढील प्रसंगाची चाहूल लागते. आज चित्रपटांसाठीं वा संगणकावरील खेळांसाठीं स्थळें रंगविणाऱ्या तरुणासही हेंच साधावयाचें असतें. मग त्यानें प्रथम शिकावें काय?

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. आनंदराव व बाबूराव या जोडीनें नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नांव मिळविलें. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनीं चित्रपटाचा ध्यास सोडला नाहीं. १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ झळकला. रंगविलेल्या खांबामागें नटास लपतां येत नाहीं. बाबूरावांनीं सपाट पडद्याच्या जागीं उंची व खोली असलेलीं घरेंदारें उभारलीं. त्यांच्या हाताखालीं तयार झालेले फत्तेलाल पुढें ‘प्रभात’चे कलादिग्दर्शक म्हणून गाजले.

शिकणाऱ्यास यांत एक क्रम सांपडतो. आधीं यथादर्शन व छायाप्रकाश; मग त्या जागेंत कोण राहतें, कोठून येतें, कोठें बसतें याचा विचार; नक्षीकाम सर्वांत शेवटीं. खेळांत तर खेळणारा स्वतःच दारांतून आंत शिरतो. तेथें दार नुसतें सुंदर असून भागत नाहीं. तें उघडणारें आहे, हें पाहतांक्षणीं कळलें पाहिजे. माणसाला वावरूं न देणारें चित्र कितीही मोहक असलें, तरी अखेर ती एक रंगविलेली भिंतच होय.