फुलें आपलीं, कांटा दुसऱ्याचा

(दिग्रस येथें फुलांची शेती करणाऱ्या मंडळींपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



झेंडू कसा पिकवावा हें मी मास्तर तुम्हांस काय शिकविणार? आषाढांत रोप टाकावें, महिन्याभरानें लागण करावी, शेंडे खुडले म्हणजे फांद्या फुटून दसऱ्याला फूल भरतें, हें तुमच्या घरच्या बायांस पाठ आहे. मला बोलावयाचें आहे तें तोडणीनंतरचें. कापसाला भाव नसला तर तो घरांत ठेवतां येतो. फूल पोत्यांत दोन दिवस राहिलें कीं तापून काळें पडतें. म्हणून बाजारांत आपली मान अडकते.

गेल्या दसऱ्याला माझ्या वर्गांतली एक मुलगी चार दिवस शाळेंत आली नाहीं. आईबरोबर फुलें तोडीत होती. पांचव्या दिवशीं ती बाजारची चिठ्ठी घेऊन आली व म्हणाली, "गुरुजी, घरीं ४० किलो भरलें, इथें ३६ कसें?" मी तेंच गणित फळ्यावर मांडलें. ५० रुपये भावानें २,००० व्हावयाचे, ते झाले १,८००. त्यांतून अडत १८०, हमाली व गाडीभाडें १२०. हातीं आले १,५००. तोंच ती पुन्हां म्हणाली, "आईची अन् माझी मजुरी कुठें मांडायची?" फळ्यावर तिला जागाच नव्हती!

मंडळी, जोतीराव फुल्यांचें घराणें मूळचें गोऱ्ह्यांचें. फुलांच्या धंद्यावरून फुले हें नांव पडलें. त्यांच्या वडिलांस व चुलत्यांस पेशव्यांकडून ३५ एकर इनाम मिळालें, तें थोरल्या भावानें एकट्यानें घेतलें. राबले सगळे, धनी एक! पण त्याच जोतीरावांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. तेव्हां माझ्या वर्गांतली मुलगी आज चिठ्ठी वाचते, हें त्याच घरचें देणें आहे.

म्हणून तीन गोष्टी करा. घरीं वजन करून, वहींत लिहूनच माल हलवा. कांट्याजवळ उभे राहा आणि चिठ्ठी तिथल्या तिथें वाचा. घरच्या बायांची मजुरी रोज मांडा; ती धरल्यावरच नफा कीं तोटा तें कळेल. आणि तोडणीसाठीं मुलीची शाळा बुडवूं नका. चार किलोंची चोरी तिनेंच पकडली.

तोरण दुसऱ्याच्या दारीं चढतें, खुशाल चढो. त्याचा दाम मात्र पुरता आपल्या घरीं आला पाहिजे.