स्वमग्न मुले आणि उपचारांचा बाजार
(मानवत येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मानवतसारख्या बाजारपेठेत अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने कापसाच्या भावाविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आज मात्र मी स्वमग्न मुलांना मिळणाऱ्या, किंवा न मिळणाऱ्या, उपचारांविषयी बोलणार आहे.

दोन-तीन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही. घरचे म्हणतात, उशिरा बोलेल. शेजारचे म्हणतात, आईचेच लक्ष नाही. हा दुसरा आरोप केवळ अडाण्यांचा आहे असे समजू नका. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांच्या नोंदींवरून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे तेथील नामवंत विद्वान आईच्या थंडपणालाच दोष देत राहिले. पुढील संशोधनाने तो आरोप खोटा ठरविला. ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीतील आहे. ती औषधाने जात नाही. परंतु संवाद, वर्तन आणि रोजचे व्यवहार यांचे पद्धतशीर शिक्षण लवकर मिळाल्यास पुष्कळ मुले पुढे जातात.

हे शिक्षण एका मुलामागे एका प्रशिक्षित माणसाने महिनोन्‌महिने द्यावे लागते. सूतगिरणीत यंत्र सुधारून माणशी उत्पादन वाढविता येते. येथे तशी सोय नाही. म्हणून बाजारावर सोडलेली ही सेवा महागच राहणार आणि क्रयशक्ती असेल तेथे, म्हणजे पुण्यामुंबईकडे, गोळा होणार. मानवतच्या शेतमजूर बाईला तर फीच्या आधीच बुडालेला रोज आणि प्रवासभाडे मोजावे लागते.

१९९५ च्या अपंग कायद्यातील यादीत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने ती २१ प्रकारांत घेतली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील तपासणीची आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. तरतूद आणि सेवा यांतील अंतर मराठवाड्याला काय सांगावे!

तज्ज्ञ थोडे, हे खरेच. पण त्यावर मार्ग नाही असे नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांच्या कुटुंबांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकविले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून अधिक संवाद करू लागली. सर्वच मोजमापे अनुकूल आली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तथापि दिशा मिळाली.

यात एक धोका आहे. सरकार उद्या म्हणेल, हे कामही आशांकडे द्या. त्यांना सरकार अद्याप कर्मचारी मानीत नाही, स्वयंसेविका म्हणते. अर्धे काम आईने फुकट करावे, अर्धे आशाने तुटपुंज्या मोबदल्यावर, आणि तज्ज्ञांची पदे रिकामीच राहावीत, अशा काटकसरीचा सगळा भार गरीब बायकांवरच पडतो. प्रशिक्षण, वेतन आणि वर देखरेखीला तज्ज्ञ, या तिन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.

परभणीच्या जिल्हा रुग्णालयाकडे जाल तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्ज सोबत न्या. वाचोपचार, व्यवसायोपचार आणि मानसशास्त्र यांची मंजूर पदे किती, भरलेली किती? गेल्या वर्षी मानवत तालुक्यातील किती मुले तपासणीतून तेथवर पोहोचली, आणि त्यांतील किती दुसऱ्यांदा आली? शेवटचा आकडा मला अवश्य कळवा. जी आली नाहीत, त्यांच्या घरी आपल्याला जावयाचे आहे.